साखरेमागचे पाणी, तेलामागचे पाणी

दिवाळीच्या फराळाला दोन गोष्टींशिवाय रूप येत नाही. एक साखर आणि दुसरे तेल. करंजीच्या सारणापासून चकलीच्या तळणीपर्यंत सगळा कारभार ह्या दोघांच्या जोरावर चालतो. दोन्ही वस्तू आपल्या घरात स्वच्छ, कोरड्या, पिशवीबंद अवस्थेत येतात. त्या तयार होताना मागे काय उरले, हे पिशवीवर छापलेले नसते. उरते ते पाणी. गरम, आंबट, तपकिरी आणि नदीचा श्वास कोंडणारे पाणी.

तेलामागचे पाणी आपल्याला सहसा दिसत नाही, कारण ते परदेशात सांडलेले असते. भारत वर्षाला साधारण पाऊण ते एक कोटी टन पामतेल बाहेरून आणतो. त्यातले बहुतेक इंडोनेशिया आणि मलेशियातून येते. हॉटेलातली कढई, फरसाणाचे कारखाने, बिस्किटे, वनस्पती तूप ह्यांत ते जिरून जाते. एक टन कच्चे पामतेल काढताना गिरणीतून अडीच ते तीन टन सांडपाणी बाहेर पडते. म्हणजे ऐंशी लाख टन तेल आपण आणले, तर दोन कोटी टनांहून अधिक घाण पाणी आपल्या नावाने दुसऱ्याच्या देशात राहिले.

साखरेचे तसे नाही. ते पाणी आपल्याच ओढ्यात आहे. धुळे-सोलापूर महामार्गावरचा मांजरसुंब्याचा फाटा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे सांगायला नको. एक रस्ता पाटोद्याकडे, एक केज-अंबाजोगाईकडे, एक बीडला आणि एक सोलापूरला. दिवाळीच्या आगेमागे ह्याच फाट्यावरून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या संसार ट्रॅक्टरवर लादून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. ज्या जिल्ह्याचे कष्ट साऱ्या राज्याच्या गव्हाणीत मोळी होऊन पडतात, त्या बीड जिल्ह्यातही कारखाने आहेत, आसवन्या आहेत आणि त्यांचे सांडपाणीही आहे. पामतेलाच्या गिरणीतले पाणी आणि आसवनीतले पाणी ही रसायनाच्या दृष्टीने सख्खी भावंडे आहेत. एकाचा अभ्यास केला की दुसरे आपोआप समजते. म्हणून हा लेख दोघांना शेजारी ठेवून लिहिला आहे.

पाणी ‘घाण’ कशाने होते?

पामच्या फळांचे घोस झाडावरून काढले की शक्यतो चोवीस तासांत गिरणीत पोचवावे लागतात, नाहीतर तेलात आम्ल वाढते. गिरणीत ते वाफेवर शिजवतात, फळे सुटी करतात, दाबून तेल काढतात आणि गरम पाणी घालून तेल व गाळ वेगळे करतात. शिजवण्यातले निथळ, गाळाबरोबरचे पाणी आणि कवच-गर वेगळे करतानाचे पाणी असे तिन्ही मिळून सांडपाणी होते. त्यात कोणतेही विषारी रसायन मुद्दाम घातलेले नसते. असतो तो फळाचाच अंश: तेलाचे थेंब, तंतू, पिष्ट, शर्करा. ते ऐंशी-नव्वद अंश तापमानाला बाहेर येते आणि चवीला म्हणाल तर आंबट, म्हणजे सामू चार ते पाच.

मग विष नसताना हे पाणी मारक का? उत्तर ‘जैविक प्राणवायू मागणी’ ह्या मापात आहे. कारखान्यांच्या भाषेत बीओडी. पाण्यातले सेंद्रिय द्रव्य खाताना जिवाणू विरघळलेला प्राणवायू वापरतात. एका लिटरमधले द्रव्य खाण्यासाठी किती मिलिग्रॅम प्राणवायू लागेल, तो आकडा म्हणजे बीओडी. आपल्याकडे तो २७ अंश सेल्सियसला तीन दिवस ठेवून मोजतात. चांगल्या वाहत्या नदीच्या लिटरभर पाण्यात साधारण आठ मिलिग्रॅम प्राणवायू असतो. पाम गिरणीच्या कच्च्या सांडपाण्याचा बीओडी पंचवीस हजारांच्या आसपास असतो. हिशेब सोपा आहे: असे एक लिटर पाणी तीन हजार लिटर नदीचा प्राणवायू फस्त करू शकते. मासे विषाने मरत नाहीत, गुदमरून मरतात. पहिल्या पावसात साठवणीचे तलाव फुटले किंवा रात्रीतून सोडले गेले की सकाळी काठाला पांढऱ्या पोटाचे मासे दिसतात, ते ह्यामुळे.

साखर कारखान्यातली दोन पाणी

आपल्याकडे बोलताना ‘मळीचे पाणी’ असा एकच शब्द वापरतात आणि तिथेच घोटाळा होतो. ‘मळी’ हा शब्दच दोन वस्तूंसाठी चालतो. साखरेचे दाणे वेगळे केल्यावर उरणारा काळा, चिकट द्रव ती एक मळी. रस गाळताना उरणारा मातकट चोथा, ज्याला कारखान्यात प्रेसमड म्हणतात आणि शेतकरी खत म्हणून नेतात, तीही मळीच. त्याचप्रमाणे कारखान्याच्या आवारातून दोन वेगळ्या जातींची पाणी निघतात.

पहिले साखर कारखान्याचे. गिरणीच्या बेअरिंगवरून वाहणारे तेलकट पाणी, फरशी धुतलेले पाणी, बाष्पीभवनाची भांडी कॉस्टिक सोड्याने साफ केल्यावरचे पाणी, फवारा-तळ्याची ओसंड. ह्यात साखर असते, बीओडी हजार-दीड हजाराच्या घरात असतो. हे पाणी वाईट असले तरी आटोक्यातले आहे. मुळात उसात सत्तर टक्के पाणीच असते. दिवसाला २,५०० टन ऊस गाळणारा कारखाना उसाबरोबर सतरा लाख लिटर पाणी आत आणतो. ते नीट वापरले, थंड केले, फिरवले तर बाहेरून विशेष पाणी घ्यावे लागू नये आणि बाहेरही फारसे सोडावे लागू नये. जानेवारी २०१६ च्या केंद्रीय अधिसूचनेने टनामागे २०० लिटरची मर्यादा घातली ती ह्याच हिशेबाने. त्यातले शंभर प्रक्रियेचे, शंभर थंड करण्याच्या यंत्रणेचे. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या कारखान्याला दिवसाला जास्तीत जास्त पाच लाख लिटर. जमिनीवर सोडायचे तर बीओडी १०० च्या आत, नदीत सोडायचे तर ३० च्या आत.

दुसरे पाणी आसवनीचे. मळी पाण्यात कालवून, यीस्टने आंबवून मद्यार्क उडवून नेला की खाली जे उरते त्याला स्पेंटवॉश म्हणतात. एका लिटर मद्यार्कामागे आठ ते पंधरा लिटर. रंग काळपट तपकिरी, सामू चार-साडेचार, बीओडी चाळीस ते साठ हजार. पामच्या पाण्याच्या दुप्पट. दिवसाला तीस हजार लिटर मद्यार्क काढणारी मध्यम आसवनी धरा. तिचा स्पेंटवॉश तीन लाख लिटर आणि त्यातला सेंद्रिय भार रोज पंधरा टन. एका माणसाच्या सांडपाण्याचा भार दिवसाला ४५ ग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे एक आसवनी तीन लाखांहून अधिक माणसांइतकी घाण तयार करते. २०११ च्या जनगणनेत बीड शहराची लोकसंख्या दीड लाखाच्या आत होती. एका आसवनीचे पाणी म्हणजे दोन बीड शहरे.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या धोरणाने ह्या पाण्याला नवे महत्त्व आले आहे. उत्पादकाला पैसे मिळाले, तेलाची आयात थोडी घटली, हे खरेच. पण इथेनॉलचा प्रत्येक लिटर आपल्यामागे बादलीभर काळे पाणी ठेवून जातो, हा जमाखर्चाचा दुसरा रकाना आहे.

मलेशियाने काय केले

१९७० च्या दशकात मलेशियात पामच्या गिरण्या झपाट्याने वाढल्या आणि नद्या तितक्याच झपाट्याने काळवंडल्या. तेव्हा ह्या पाण्यावर सिद्ध झालेले तंत्र हाताशी नव्हते. सरकारपुढे दोन वाटा होत्या: गिरण्या बंद करणे किंवा डोळे मिटणे. त्यांनी तिसरी काढली. १९७४ च्या पर्यावरण गुणवत्ता कायद्याखाली १९७७ मध्ये कच्च्या पामतेलासाठी स्वतंत्र नियम केले. त्यात मर्यादा एकदम न लादता पायऱ्यांनी उतरवली. १९७८ मध्ये बीओडी ५,०००, पुढच्या वर्षी २,०००, मग १,०००, मग ५००, मग २५० आणि १९८४ मध्ये १००. पहिल्या वर्षी मर्यादा ओलांडणाऱ्याला परवाना शुल्क भरून सुटता येत होते. मात्र ते शुल्क सोडलेल्या घाणीच्या वजनावर ठरत होते आणि मर्यादेवरच्या घाणीचा दर जबर होता. दुसऱ्या वर्षापासून मर्यादा सक्तीची झाली.

ह्याचा परिणाम दुहेरी झाला. गिरणीमालकाला पुढच्या काही वर्षांचे वेळापत्रक आधीच ठाऊक असल्याने तो तलाव खोदण्यात पैसे घालू लागला. आणि संशोधकांना कोणत्या वर्षी कोणता आकडा गाठायचा हे ठाऊक असल्याने तंत्र त्या गतीने पुढे सरकले. तेल वाढत गेले, नदीत जाणारी घाण मात्र उतरत गेली. नियम, पैसा आणि तंत्र एकाच दिशेला जुंपले की काय होते, ह्याचा हा धडा आहे.

पण त्या धड्याला एक काळी किनारही आहे. मलेशियातले बहुतेक पाणी उघड्या तलावांच्या रांगेतून जात राहिले: आधी निववण्याचे तळे, मग आंबवण्याचे, मग प्राणवायूविना कुजवण्याचे, शेवटी उथळ, हवेशीर तळे. सगळा प्रवास दोन-तीन महिन्यांचा. नदी वाचली, पण तळ्यांवरून मिथेन वायू आकाशात गेला. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून अधिक उष्णता धरतो. पाण्यातली घाण हवेत गेली, एवढाच फरक. पुढे तळ्यांवर आच्छादन घालून वायू पकडण्याचे प्रकल्प आले, ते ह्या उणिवेतून.

घाणीचे चार मार्ग

आपल्या आसवन्यांनी जवळपास त्याच वाटा चोखाळल्या आहेत.

पहिली वाट वायूची. बंद टाकीत, प्राणवायू नसताना जिवाणू सेंद्रिय द्रव्य खातात आणि मिथेन सोडतात. गावातल्या गोबरगॅसचेच हे मोठे भावंड. आपल्या तीस हजार लिटरच्या आसवनीतून रोज सहा-साडेसहा हजार घनमीटर मिथेन मिळू शकतो. घरगुती गॅसच्या साडेतीनशे सिलिंडरांइतकी ही उष्णता. म्हणून ही टाकी कोणताही शहाणा कारखाना खुशीने बांधतो, कारण ती बॉयलरचे इंधन वाचवते. अडचण अशी की टाकीतून बाहेर पडलेल्या पाण्याचा बीओडी तरीही चार-पाच हजार राहतो. जिथे फायदा संपतो तिथे शुद्धीकरणही थांबण्याची भीती असते.

शिवाय रंग जात नाही. हा रंग मेलॅनॉइडिनांचा. साखर आणि प्रथिनांचे घटक उष्णतेने एकत्र आले की ती तयार होतात. चकलीला तळताना येणारा तांबूस रंग, रबडी आटवताना दुधाला चढणारी छटा, ही त्याच रसायनक्रियेची घरगुती रूपे. ताटात जे रुचकर, ते विहिरीत नकोसे. जिवाणूंना हा रंग सहज पचत नाही. झिरपा झाला तर विहिरीचे पाणी कोऱ्या चहासारखे होते आणि वर्षानुवर्षे तसेच राहते.

दुसरी वाट खताची. प्रेसमडच्या लांबच लांब राशी घालून त्यांवर स्पेंटवॉश शिंपडतात, यंत्राने उलथापालथ करतात. दीड-दोन महिन्यांत खत तयार होते. एका टनाला साधारण अडीच ते तीन हजार लिटर द्रव जिरतो. मलेशियात रिकाम्या घोसांवर सांडपाणी शिंपडून हेच करतात. पद्धत चांगली, पण तिला दोन अटी आहेत. राशींखालची जमीन पक्की, अस्तर घातलेली हवी आणि पाऊस नको. पावसाळ्यात उघड्यावरच्या राशींतून काळे ओघळ निघाले तर सगळे श्रम ओढ्याला मिळतात.

तिसरी वाट शेतात सोडण्याची. द्रवात पालाश भरपूर, म्हणून शेतकऱ्यांनाही आधी ती आवडली. पण पालाशाबरोबर इतर क्षारही येतात. काळ्या जमिनीत निचरा मंद, एकदा क्षार साचले की पीक पिवळे पडते. ह्या वाटेवर आता कडक बंधने आहेत.

चौथी वाट आटवण्याची आणि जाळण्याची. एकामागून एक बाष्पीभवन-भांड्यांतून पाणी काढून घट्ट राब करायची आणि बगॅस किंवा कोळशाबरोबर खास बॉयलरमध्ये जाळायची. बाहेर काहीच पाणी सोडायचे नाही. ह्याला ‘शून्य निःसारण’ म्हणतात. २००३ च्या मार्चमध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पुढाकाराने उद्योगांनी जी जबाबदारीची सनद स्वीकारली, तिच्यात आसवन्यांनी २००५ अखेर हे ध्येय गाठायचे ठरले होते. राखेत पालाश राहतो आणि ती खत म्हणून विकता येते. आपला देश पालाश जवळजवळ सगळा आयात करतो, त्यामुळे ही राख टाकाऊ नाही. तोटा एकच: यंत्रणा महाग आणि तिला वाफ, वीज भरपूर लागते. गाळप मंदावले, वाफ कमी पडली की आधी गळा आवळला जातो तो हिचाच.

नदी नसलेली नदी

आता बालाघाटाच्या माथ्यावर येऊ. मांजरसुंब्याच्या परिसरातले पाणी उत्तरेला बिंदुसरेवाटे बीडकडे, पुढे सिंदफणेला आणि तिथून गोदावरीला जाते. पाटोदा तालुक्यात गवळवाडीजवळ उगवणारी मांजरा पूर्वेला धनेगावच्या धरणात, पुढे लातूर, बीदर करत तेलंगणात जाते आणि शेवटी गोदावरीलाच मिळते. माथ्यावर वेगळे झालेले दोन थेंब शेकडो किलोमीटर फिरून पुन्हा भेटतात. वरच्या गावाने सोडलेले खालच्या गावाला प्यावे लागते, हा भूगोल इथे नकाशावर बोट ठेवून दाखवता येतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले, ते ह्याच मांजरेचे धरण आटल्यामुळे.

मर्यादेचे आकडे ठरवताना एक गोष्ट गृहीत धरलेली असते: खाली वाहती नदी आहे, ती ३० बीओडीचे पाणी सामावून पातळ करील. मलेशियात वर्षभर पाऊस आहे, नद्या भरून वाहतात. बीड जिल्ह्यात पाऊस सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर, तोही चार महिन्यांत. गाळप मात्र नोव्हेंबर ते मार्च. म्हणजे नेमके ओढे कोरडे पडत जातात तेव्हा कारखान्याचे पाणी सर्वांत जास्त. अशा ओढ्यात सोडलेले पाणी पातळ होत नाही. तोच ओढा होतो. ते साचते, कुजते, सडलेल्या अंड्यासारखा वास सुटतो आणि ते खाली मुरते. खडक बसाल्टचा. पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. ह्याच थरात गावाची विहीर, शाळेचा बोअर, वस्तीवरचा हापसा. वाहती नदी वर्ष-दोन वर्षांत धुऊन निघते. भेगांतले पाणी धुऊन काढायला कोणाकडेच यंत्र नाही.

म्हणून मराठवाड्यात ‘मर्यादेत सोडले’ हे पुरेसे उत्तर ठरत नाही. इथे प्रश्न असा विचारावा लागतो: सोडलेच कशाला? शुद्ध झालेले पाणी कारखान्याच्या स्वतःच्या उसाला, झाडांना, थंड करण्याच्या यंत्रणेला पुन्हा का वापरले नाही? दुष्काळी भागात सांडपाणी हा आरोग्याचा प्रश्न आहेच, पण तो आधी पाण्याच्या मालकीचा प्रश्न आहे. ओढ्याचे पाणी सगळ्यांचे. ते खराब करणे म्हणजे न विचारता घेतलेली उचल आहे आणि ती फेडावी लागते ती विहिरीवर कळशी घेऊन जाणाऱ्या बाईला.

आठ महिन्यांची झोप

हंगामी कारखान्याची एक अडचण बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. शुद्धीकरण यंत्र नव्हे, जिवाणू करतात. कारखाना सात-आठ महिने बंद राहिला की त्यांची उपासमार होते. गव्हाणीत मोळी पडते त्या दिवशी पाणी पूर्ण वेगाने यायला लागते आणि टाकीतले जिवाणू अजून जेमतेम डोळे उघडत असतात. म्हणून २०१६ च्या नियमांत लिहिले आहे की शुद्धीकरण यंत्रणा गाळपाच्या महिनाभर आधी सुरू करून स्थिर करायची आणि गाळप संपल्यावर महिनाभर चालवायची. शेण घालून, हळूहळू खाद्य वाढवून ही संस्था उभी करावी लागते. बॉयलर पेटवण्याचा सोहळा वर्तमानपत्रात येतो, जिवाणूंच्या टाकीत शेण घालण्याचा येत नाही. खालच्या गावाच्या दृष्टीने दुसरा अधिक महत्त्वाचा.

कायद्याची चौकट आपल्याकडे जुनी आहे. महाराष्ट्राने १९६९ मध्येच जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा केला आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केले, केंद्राचा कायदा त्यानंतर १९७४ चा. साखर कारखाने आणि आसवन्या अति-प्रदूषक ठरवलेल्या सतरा उद्योगगटांत मोडतात आणि त्यांच्या सांडपाण्यावर सतत मोजणी करणारी यंत्रे बसवण्याचे आदेश २०१४ पासून आहेत. पण यंत्र बसते ते अधिकृत तोंडाशी. रात्री उपसणारा पंप आणि झुडपातली दुसरी नळी त्या यंत्राला दिसत नाही. ती दिसते गुराख्याला.

त्यामुळे गावानेही थोडे विज्ञान हाताशी धरायला हवे. विहिरीच्या पाण्याचा रंग आणि वास दर महिन्याला तारखेसह नोंदवावा. गाळपाआधीचा एक नमुना प्रयोगशाळेतून तपासून ठेवावा, म्हणजे पुढे तुलनेला आधार मिळतो. तक्रार करताना ‘पाणी घाण आहे’ एवढेच न लिहिता जागा, वेळ, छायाचित्र आणि वरच्या-खालच्या दोन ठिकाणचे नमुने द्यावेत. ग्रामसभेने कारखान्याकडे तीन गोष्टी मागाव्यात: टनामागे पाण्याचा हिशेब, शुद्ध पाणी कुठे वापरले त्याची नोंद आणि साठवण तलावाच्या अस्तराची तपासणी. ह्या मागण्यांत कारखान्याशी वैर नाही. बहुतेक ठिकाणी तक्रारदारच सभासद असतो आणि त्याचाच ऊस आत गेलेला असतो. सहकाराचा खरा अर्थ नफ्याबरोबर सांडपाण्याचीही वाटणी उघड करणे, असा घेतला पाहिजे.

शेजारी येणारे पाणी

तेलामागचे पाणी फार दिवस परदेशात राहणार नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने ११,०४० कोटी रुपयांची पामतेल मोहीम मंजूर केली. लागवड आणि गिरण्या ह्यांत आंध्र प्रदेश आणि तेलंगण आघाडीवर आहेत. अश्वारावपेटसारख्या ठिकाणी गिरण्या चालूही आहेत. ती भूमी गोदावरीच्याच खोऱ्यातली. बिंदुसरेचा आणि मांजरेचा थेंब जिथे जातो, त्या पात्राच्या खालच्या अंगाला पामचे पाणीही येऊ लागेल.

आयात कमी करणे हे चांगले उद्दिष्ट आहे. पण तेल देशात आणताना त्याच्यामागचे पाणीही देशात येते, हे आधीच मान्य करून गिरणीच्या परवान्याबरोबरच वायूच्या बंद टाक्या, खताच्या पक्क्या जागा आणि उतरत्या मर्यादांचे वेळापत्रक ठरवले, तर मलेशियाने दशकभरात शिकलेले आपल्याला पहिल्या वर्षापासून वापरता येईल. साखरेच्या बाबतीत आपण उलट्या क्रमाने गेलो. आधी कारखाने, मग काळे ओढे, मग नियम. तेलाच्या बाबतीत क्रम सुलटा ठेवणे अजून आपल्या हातात आहे. आणि जिथे तो उलटा झाला आहे, तिथे येत्या हंगामाची मोळी पडण्याआधी एक साधा प्रश्न विचारायला हरकत नाही: टाकीतले जिवाणू जागे झाले आहेत का?